वाचकांचे प्रश्न : सॅम गॅमजीची थोरली लेक

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’विषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच गौण पात्राभोवती फिरत होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. ज्यांनी टॉल्किन यांची ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, शायर या प्रदेशात राहणाऱ्या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांपैकी फ्रोडो बॅगिन्स याने विनाशकारी मुद्रिका नष्ट करण्यासाठी केलेल्या प्रवासाची ती कथा आहे, आणि त्याच्याकडे बागकाम करणारा सॅमवाइज गॅमजी, म्हणजेच सॅम, त्या प्रवासात अखेरपर्यंत त्याच्या सोबत असतो.

प्रश्न : कादंबरीच्या अगदी शेवटी सॅम घरी परततो आणि त्याची बायको रोझी छोट्या एलानोरला त्याच्या मांडीवर ठेवते. ही त्याची मुलगी, एवढे कळते. पण शायरमधल्या एका माळ्याच्या घरात एल्फ या अमर लोकांच्या भाषेतले नाव आले कसे? मोठ्या लोकांत वावरून आल्यावर सॅमला मोठेपणाची हौस वाटू लागली, असे समजावे काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : तसे समजू नये. हे नाव सॅमने सुचवलेलेच नाही. ते फ्रोडोने सुचवले आहे, आणि तेही शायरच्या जुन्या रीतीचा आधार घेऊन.

प्रसंग ‘ग्रे हेवन्स’ या शेवटच्या प्रकरणातला आहे. सॅम आणि रोझी कॉटन यांचे लग्न शायरच्या कालगणनेनुसार १४२० साली झाले आणि ती दोघे बॅग एंड या घरात फ्रोडोसोबतच राहू लागली. १४२१ च्या २५ मार्चला त्यांना पहिले अपत्य झाले. मुलगा होणार असे गृहीत धरून त्याचे नाव फ्रोडोच ठेवायचे, असे नवराबायकोचे ठरले होते. झाली मुलगी, आणि सॅम अडचणीत सापडला. तेव्हा फ्रोडो त्याला म्हणतो की, जुनी चाल काय वाईट आहे, रोझीसारखेच एखाद्या फुलाचे नाव ठेव, शायरमधल्या निम्म्या मुलींची नावे तशीच असतात. सॅमला प्रवासात ऐकलेली सुंदर नावे आठवतात, पण रोजच्या वापराला ती फार भारदस्त होतील असे त्याला वाटते. शिवाय त्याच्या वडिलांचे, म्हणजे गॅफरचे, म्हणणे असे की नाव मुळातच आखूड ठेवावे, म्हणजे नंतर हाक मारण्यासाठी ते तोडावे लागत नाही. मात्र फुलाचेच नाव ठेवायचे असेल तर लांबीची पर्वा नाही, फूल मात्र सुंदर हवे, असे सॅम म्हणतो, कारण मुलगी देखणी आहे आणि पुढे आणखी देखणी होणार याची त्याला खात्री आहे. त्यावर फ्रोडो त्याला लोथ्लोरिएन या एल्फ लोकांच्या अरण्यात, गवतात पाहिलेल्या इवल्याशा सोनेरी फुलाची, एलानोरची, आठवण करून देतो, आणि सॅमला ते तत्काळ पटते.

या संवादाचा क्रम नीट पाहिला तर हौसेचा आरोप टिकत नाही. आधी फुलाचे नाव ठेवायचे ठरते, म्हणजे गावची रीत पाळायची ठरते, आणि मग फूल निवडले जाते. ते फूल परमुलखातले निघाले एवढाच काय तो फरक. सॅमने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते, आणि माळ्याच्या नजरेने पाहिलेले होते, ही गोष्ट माझ्या मते निर्णायक आहे. राजकन्येचे किंवा एल्फ राणीचे नाव त्याने ठेवले असते तर प्रश्न रास्त ठरला असता. लोथ्लोरिएनची स्वामिनी गॅलाड्रिएल हिच्याविषयी त्याला केवढा आदर होता! तरीही तिचे नाव ठेवण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही. बागेत काम करणाऱ्या माणसाने आपल्या मुलीला आपण पाहिलेल्या सर्वांत सुंदर फुलाचे नाव दिले, यात मिरवण्यासारखे काही नाही.

जन्मतारखेकडेही आपले लक्ष वेधतो. २५ मार्च हा मुद्रिका नष्ट झाली तो दिवस, आणि मुलीच्या जन्माच्या वेळी ही गोष्ट सॅमच्याही ध्यानात येते. परिशिष्टांत त्याहून पुढची गोष्ट आहे : गोंडोर या माणसांच्या राज्यात नव्या कालगणनेचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि चौथ्या युगाचे पहिले वर्ष तिसऱ्या युगाच्या ३०२१ मधील २५ मार्चपासून मोजले जाई. शायरचे १४२१ म्हणजेच तिसऱ्या युगाचे ३०२१. तेव्हा सॅमची मुलगी नव्या युगाच्या अगदी पहिल्या दिवशी जन्मली. इंग्लंडमध्येही १७५२ पूर्वी कायद्याने वर्षारंभ २५ मार्चलाच होत असे आणि ख्रिस्ती पंचांगात तो देवदूताने मेरीला दिलेल्या शुभवार्तेचा दिवस आहे. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते; ही तारीख त्यांनी सहज लिहून टाकली असेल असे मानणे कठीण आहे.

प्रश्न : शायरमध्ये मुलींना फुलांची नावे देण्याची चाल खरोखर होती, की फ्रोडोने बोलण्याच्या ओघात तसे म्हटले? एलानोरच्या घराण्यातील इतर स्त्रियांची नावेही फुलांचीच आहेत काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : चाल होती, आणि टॉल्किन यांनी भाषांवरील परिशिष्टात ती नियमासारखी नोंदवली आहे : हॉबिट लोक मुलींना सामान्यतः फुलांची किंवा रत्नांची नावे देत, तर मुलग्यांना त्यांच्या रोजच्या भाषेत ज्यांना काही अर्थ नाही अशी नावे देत. आपल्याकडे जाई, सायली, अबोली, प्राजक्ता, केतकी यांच्या बरोबरीने राजीव, अरविंद, पंकज आणि गुलाबरावही सुखाने नांदतात. शायरमध्ये मात्र फुले मुलींच्याच वाट्याला येत.

एलानोरच्या घरापुरते पाहायचे तर तिच्या आईचे नाव रोझ, म्हणजे गुलाब. आईची आई लिली. सॅमच्या तीन बहिणी डेझी, मे आणि मेरीगोल्ड. यांतील मे हे महिन्याचे नाव असले तरी इंग्लंडच्या खेड्यांत हॉथॉर्नच्या पांढऱ्या मोहरालाही ते लावतात. मेरीगोल्डचे लग्न रोझीचा थोरला भाऊ टॉम याच्याशी झाले. म्हणजे सॅमने कॉटनांची मुलगी केली आणि कॉटनांनी गॅमजींची. मराठीत याला साटेलोटे म्हणतात, आणि त्या हिशेबाने मेरीगोल्ड ही एलानोरची आत्याही होती आणि मामीही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्याने तिकडच्या वाचकाला यातली गंमत वंशावळीवर बोट ठेवून शोधावी लागते.

एलानोरनंतर सॅम आणि रोझीला आणखी बारा मुले झाली : फ्रोडो, रोझ, मेरी, पिपिन, गोल्डिलॉक्स, हॅमफास्ट, डेझी, प्रिमरोझ, बिल्बो, रुबी, रॉबिन आणि टोलमन. (यांतील मेरी हा मुलगा आहे, सॅमचा मित्र मेरियाडॉक याच्या लाडक्या नावावरून त्याचे नाव ठेवले आहे.) मुलींपैकी रुबीचे नाव रत्नावरून आलेले आहे, गोल्डिलॉक्स म्हणजे सोनेरी केसांची, पण त्याच नावाचे पिवळ्या फुलांचे एक रानफूलही इंग्लंडमध्ये उगवते, त्यामुळे सॅमने एका दगडात दोन पक्षी मारले असे म्हणता येते. बहुतेक मुलग्यांसाठी त्याने प्रवासातले सोबती, आपले वडील आणि आपले सासरे यांची नावे वापरली. थोडक्यात, तेरा मुलांच्या या घरात एल्फ भाषेतले नाव फक्त थोरलीला मिळाले. हौस असती तर ती एका मुलीवर थांबली नसती.

वरच्या थरातल्या घराण्यांतही हीच रीत दिसते, फक्त तिथली फुले अधिक निवडक आहेत. फ्रोडोची आई प्रिम्युला, फ्रोडोचा प्रवासातला मित्र पिपिन याची आई एग्लंटाइन म्हणजे रानगुलाब, त्याच्या बहिणींपैकी एक पिंपरनेल आणि एक पर्व्हिन्का. फ्रोडोला सांभाळणारा वडीलधारा नातेवाईक बिल्बो याच्या आईचे नाव बेलाडोना होते आणि बॅग एंडवर डोळा ठेवून असलेल्या नातेवाईक बाईंचे लोबेलिया. ही दोन्ही झाडे विषारी आहेत. बेलाडोनाबाईंविषयी सगळे चांगलेच बोलतात, लोबेलियाबाईंविषयी मात्र लेखकाने नावातच सूचना देऊन ठेवली असावी, अशी शंका मला येते.

प्रश्न : एलानोर आणि इंग्रजीतील एलिनॉर हे नाव एकच का? मराठीत कसे लिहावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकच नाही. एलिनॉर हे मध्ययुगापासून पश्चिम युरोपात चालत आलेले नाव आहे. एलानोर हा टॉल्किन यांनी रचलेल्या सिंदारिन भाषेतला सामासिक शब्द आहे. त्यात ‘एल’ म्हणजे तारा आणि ‘अनोर’ म्हणजे सूर्य. हाच ‘अनोर’ मिनास अनोर, म्हणजे सूर्याचा बुरूज, या नावात वाचकांना भेटलेला असेल. मिनास तिरिथ या नगराचे ते जुने नाव. सिंदारिनच्या उच्चाराच्या नियमांनुसार या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर येतो. एलानोर असे लिहून ‘ए’वर जोर दिला की पुरे.

प्रश्न : सॅमचे आडनाव गॅमजी, त्याच्या मुलांचे गार्डनर आणि एलानोरच्या वंशजांचे फेअरबेर्न, असे का? घराणे नेमके कोणते? — एक वाचक, नागपूर

उत्तर : वंशावळीच्या परिशिष्टात सॅमच्या घराण्याचा जो तक्ता आहे, त्याच्या शीर्षकातच सांगितले आहे की त्यात गार्डनर आणि फेअरबेर्न या दोन घराण्यांचा उदय दाखवला आहे. म्हणजे आडनाव बदलणे हीच त्या तक्त्याची खरी गोष्ट आहे.

सुरुवात गॅमविच या गावच्या हॅमफास्टपासून होते. गावावरून गॅमविच, त्याचे बोलीत गॅमिज आणि पुढे गॅमजी, अशी ही घसरण आहे. सॅमचे पणजोबा आणि आजोबा दोर वळण्याचा धंदा करत. सॅमचे वडील हॅमफास्ट मात्र दोरखंड सोडून बागकामात आले. बॅग एंडची बाग आधी म्हातारा होल्मन पाहत असे, त्याच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे चाळीस वर्षे ती बाग त्यांनी सांभाळली. घर बॅगशॉट रोवर, टेकडीच्या उतारावर, मालकाच्या बागेच्या अगदी खाली. सॅमला लिहायला-वाचायला बिल्बोने शिकवले, आणि गॅफर चारचौघांत ही गोष्ट सांगताना त्यातून काही वाईट निष्पन्न होऊ नये एवढीच आशा व्यक्त करतात. पुढच्या कथेला या अक्षरओळखीचा फार उपयोग झाला, त्याविषयी खाली येईलच.

सॅम १४२७ मध्ये शायरचा महापौर झाला आणि लागोपाठ सात वेळा निवडून आला. प्रत्येक मुदत सात वर्षांची, म्हणजे एकूण एकोणपन्नास वर्षे. त्याच्या मुलांनी गार्डनर, म्हणजे माळी, हे आडनाव घेतले. एवढे मोठे पद घरात असताना घराण्याने धंद्याचे नाव पुढे केले, याचे कारण उघड आहे : युद्धात उजाड झालेला शायर सॅमने पुन्हा हिरवा केला होता. गॅलाड्रिएलने त्याला दिलेल्या लहान पेटीत तिच्या बागेतली माती आणि एक चंदेरी बी होते. तोडलेल्या झाडांच्या जागी त्याने रोपे लावली, प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकला, उरलेली चिमूट शायरच्या मध्यावरील दगडापाशी उभे राहून वाऱ्यावर सोडली, आणि बी समारंभाच्या मैदानात पुरले. त्यातून मॅलोर्नचे सोनेरी झाड उगवले. अशा माणसाच्या मुलांना माळी हे आडनाव लाजिरवाणे वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

एलानोर मुलगी असल्याने तिच्या वंशाचे आडनाव वेगळे होणार होतेच. पण तिचे यजमान फास्ट्रेड हे ग्रीनहोम गावचे एवढीच त्यांची ओळख मिळते, आणि वंशजांचे आडनाव फेअरबेर्न, म्हणजे सुंदर मूल किंवा देखणी संतती, हे एलानोरच्याच ‘फेअर’ या बिरुदाशी जुळते. बापाच्या गावावरून किंवा धंद्यावरून नाव पडण्याच्या त्या समाजात घराणे आईच्या रूपाच्या ख्यातीवर ओळखले जावे, हे मला या साऱ्या तक्त्यातले सर्वांत लक्षणीय वाटते. बिरुदाचे स्पष्टीकरणही टॉल्किन यांनी तळटिपेत दिले आहे : ती हॉबिटापेक्षा एल्फ कन्येसारखी दिसते असे अनेक जण म्हणत, आणि तिचे केस सोनेरी होते. शायरमध्ये असे केस पूर्वी विरळा; परंतु १४२० हे भरभराटीचे वर्ष आले आणि त्या वर्षी जन्मलेल्या किंवा पोटात आलेल्या बहुतेक मुलांचे केस सोनेरी निघाले. झाडांच्या मुळांशी घातलेली ती माती मुलांच्या केसांतही उतरली, असे लेखकाने कुठे म्हटलेले नाही, पण वाचकाने तसे समजावे अशी मांडणी निश्चित केली आहे.

आडनावांबद्दल एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बर्मिंगहॅमच्या सॅम्प्सन गॅमजी नावाच्या शल्यचिकित्सकाने १८८० मध्ये जखमेवर बांधायची कापसाची एक घडी तयार केली, आणि त्या भागात कापसालाच गॅमजी म्हणू लागले. टॉल्किन यांचे बालपण त्याच परिसरात गेले होते. साहजिकच सॅम गॅमजीने कॉटन घराण्यातली मुलगी करावी हा विनोद वाचकांना जाणवला; परिशिष्टात टॉल्किन गंभीर चेहऱ्याने सांगतात की, कॉटन हे आडनाव झोपड्यांच्या वस्तीवरून आलेले आहे, आणि हा विनोद हॉबिटांना शोभला असता तरी त्यांच्या भाषेत त्याला आधार नाही. १९५६ मध्ये लंडनहून सॅम गॅमजी याच नावाच्या एका गृहस्थांनी टॉल्किन यांना पत्र लिहून हे नाव आले कुठून अशी विचारणा केली, तेव्हा त्यांनी सविस्तर उत्तर दिले आणि तिन्ही खंड स्वाक्षरी करून पाठवले.

प्रश्न : एलानोर हे फूल खरोखर कुठे आढळते काय? त्याचे वर्णन मिळेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : फूल काल्पनिक आहे. कथेत ते लोथ्लोरिएनच्या केरिन अमरोथ या टेकडीवर दिसते : हिरव्या गवतात ताऱ्याच्या आकाराची लहान सोनेरी फुले, आणि त्यांच्यामध्ये नाजूक देठांवर डुलणारी पांढरी व फिकट हिरवी निफ्रेडिलची फुले. भर हिवाळ्याचे दिवस असूनही तिथे बहर आहे. याच टेकडीच्या पायथ्याशी प्रवासातला सोबती आणि पुढे राजा होणारा अरागॉर्न हातात एलानोरचे एक फूल घेऊन उभा राहिलेला फ्रोडोला दिसतो. त्याची भावी राणी, एल्फ कन्या आर्वेन, हिला त्याने इथेच वचन दिले होते. वाचक पुढे निघून जातो, पण फ्रोडोने ते फूल कोणाच्या हातात पाहिले होते हे लक्षात ठेवून बारशाचा प्रसंग पुन्हा वाचला तर त्याने नेमके हेच फूल का सुचवले असेल, याचा अंदाज करता येतो.

१९६९ मधील एका पत्रात टॉल्किन यांनी या फुलांचे वर्णन वनस्पतिशास्त्राच्या अंगाने केले आहे. निफ्रेडिल म्हणजे स्नोड्रॉपची एखादी नाजूक बहीण, आणि एलानोर म्हणजे थोडी मोठी पिंपरनेल, जिच्या एकाच झाडावर सूर्यासारखी सोनेरी आणि ताऱ्यासारखी चंदेरी अशी दोन्ही फुले येतात, कधी एकाच फुलात दोन्ही रंग असतात. म्हणजे सूर्य-तारा हे नाव नुसत्या आकारावरून नव्हे, तर या दुरंगीपणावरूनही पडले. त्या फुलांवर जो प्रकाश पडलेला आहे तो खऱ्या झाडावर कधी दिसणार नाही, असेही ते लिहितात.

खरी पिंपरनेल अगदी साधे तण आहे. जमिनीला टेकून पसरणारे खोड, समोरासमोर येणारी पाने, पाच पाकळ्यांचे नखाएवढे फूल. इंग्लंडमध्ये ते बहुधा शेंदरी लाल असते, ढग आले की मिटते, आणि त्यामुळे मेंढपाळ त्यावरून पावसाचा अंदाज बांधत. निळ्या फुलांचा प्रकार उत्तर भारतात रब्बीच्या गव्हात उगवतो. तिकडे त्याला कृष्णनील म्हणतात आणि शेतकरी तो खुरपून टाकतात. पिपिनच्या एका बहिणीचे नाव पिंपरनेल असल्याचे वर आलेच आहे. थेनच्या, म्हणजे शायरच्या वंशपरंपरागत प्रमुखाच्या, घरच्या मुलीला शेतातल्या तणाचे नाव आणि माळ्याच्या मुलीला त्याच फुलाच्या एल्फ बहिणीचे, हा योगायोग मला तरी फार आवडतो.

प्रश्न : एलानोर कादंबरीत फक्त तान्ही मुलगी म्हणून येते. मोठेपणी ती काय करते, आणि टॉल्किन यांच्या लेखनात ती कुठे बोलते तरी का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुढचे आयुष्य घटनाक्रमाच्या परिशिष्टात मोजक्या नोंदींत सापडते. १४३६ मध्ये राजा एलेसार, म्हणजेच अरागॉर्न, उत्तरेत येतो आणि ब्रँडिवाइन नदीच्या पुलापाशी आपल्या मित्रांना भेटतो. मानवजातीतल्या कोणीही शायरमध्ये पाऊल टाकायचे नाही हा नियम त्यानेच केलेला असल्याने तो पूल ओलांडत नाही. त्या वेळी पंधरा वर्षांच्या एलानोरला राणी आर्वेनच्या परिवारात मानाचे स्थान मिळते. ज्या फुलाचे नाव तिला मिळाले त्याच फुलांच्या टेकडीवर आर्वेनने आपले अमरत्व सोडण्याचे ठरवले होते. १४४२ मध्ये एलानोर आईवडिलांसोबत गोंडोरला जाऊन वर्षभर राहते, आणि १४५१ मध्ये तिचे लग्न होते. हॉबिट तेहतिसाव्या वर्षी सज्ञान होत, एलानोर तीस वर्षांची होती. पण याबद्दल कोणी कुरकुर केल्याची नोंद नाही. दुसऱ्याच वर्षी राजाने पश्चिमेकडील टेकड्यांचा प्रदेश शायरला जोडून दिला. वेस्टमार्च असे त्याचे नाव. फास्ट्रेड पुढे तिथला पालक झाला आणि एलानोरने मनोऱ्यांच्या टेकड्यांवर अंडरटॉवर्स इथे घर केले.

१४८२ मध्ये रोझी वारली. त्याच वर्षीच्या २२ सप्टेंबरला, म्हणजे बिल्बो आणि फ्रोडोच्या वाढदिवशी, एकशे दोन वर्षांचा सॅम बॅग एंडहून घोड्यावरून निघाला, लेकीच्या घरी आला, तिच्या हाती तांबड्या बांधणीचे पुस्तक दिले आणि समुद्राकडे गेला. त्याला शेवटचे पाहिले ते एलानोरने. तो ग्रे हेवन्स या बंदराला जाऊन समुद्रापार गेला ही माहिती फेअरबेर्न घराण्यात तिच्याकडून चालत आलेली परंपरा आहे, एवढेच परिशिष्ट म्हणते. डोळ्यांनी पाहिलेला दुसरा साक्षीदार नाही.

हे तांबडे पुस्तक म्हणजे बिल्बोने सुरू केलेले, फ्रोडोने पुढे नेलेले आणि सॅमकडे सोपवलेले रोजनिशीवजा कथन. टॉल्किन आपण केवळ त्याचे भाषांतरकार आहोत अशी भूमिका घेतात आणि प्रस्तावनेत सांगतात की ते अंडरटॉवर्समध्ये फेअरबेर्न घराण्याने सांभाळले, त्याच्या प्रती काढल्या, आणि हॉबिट सोबत्यांच्या वंशावळी व टिपणे यांचा एक खंड वेस्टमार्चमध्येच तयार झाला. मूळ पुस्तक पुढे नष्ट झाले, प्रती राहिल्या. म्हणजे कथेच्या आतल्या तर्काने पाहिले तर एलानोर हे गौण पात्र असले तरी मुख्य पात्रांची हकिगत आपल्यापर्यंत आली ती तिच्या घरातून. ज्याला बिल्बोने हौसेने अक्षरे शिकवली त्या माळ्याच्या मुलीने ती अक्षरे जपली. तिच्या आत्या आणि आज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, तीही तिच्याच वंशजांनी लिहून ठेवली म्हणून.

आता ती बोलते का हा प्रश्न. छापलेल्या कादंबरीत नाही. पण टॉल्किन यांनी एक उपसंहार लिहिला होता, तो ज्यांनी वाचला त्यांना मुळीच आवडला नाही, आणि १९५५ मध्ये तिसरा खंड निघाला तेव्हा तो गाळलेला होता. त्याचे दोन मसुदे त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी १९९२ मध्ये ‘सॉरॉन डिफीटेड’ या ग्रंथात प्रसिद्ध केले. दुसऱ्या मसुद्यात सॅम आणि पंधरा वर्षांची एलानोर अभ्यासिकेत बसून बोलतात. तो तिला लाडाने एलानोरेले म्हणतो, ती त्याला सॅम-बाबा म्हणते. मुद्रिकावाहक फ्रोडोने आपल्याला पाहिले होते याचा तिला आनंद आहे, पण आपल्याला तो आठवत नाही याची खंत आहे. साहजिकच, तो कायमचा समुद्रापार गेला तेव्हा ती सहा महिन्यांची होती. आवडत्या माणसांना मागे ठेवून समुद्रापार गेलेल्यांबद्दल ती जे बोलते, त्यातून बापाचे दुःख तिला न सांगता कळलेले आहे हे दिसते. उपसंहार गाळला हे रचनेच्या दृष्टीने योग्यच झाले, असे माझे मत आहे, कारण त्यामुळे मांडीवरच्या तान्ह्या मुलीवर कादंबरी थांबते. पण आपला प्रश्न एलानोरविषयीचा असल्याने ती पाने मिळवून वाचाच.

त्याच मसुद्यात राजाचे एक पत्र आहे, सिंदारिनमध्ये लिहिलेले. राजाने सॅमच्या कुटुंबातील सगळ्यांची नावे एल्फ भाषेत करून घातली आहेत : रोझचे मेरिल, डेझीचे एरिएन, गोल्डिलॉक्सचे ग्लोरफिन्निएल, फ्रोडोचे इओर्हाएल. थोरलीच्या नावाशी मात्र त्याला काही करावे लागलेले नाही.

प्रश्न : एलानोरला मुले किती? त्यांचीही नावे फुलांची आहेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोघांची नावे मिळतात आणि एकही फुलाचे नाही. मुलगा एल्फस्टन १४५४ मध्ये जन्मला. या नावाचा अर्थ एल्फ-रत्न असा होतो आणि राजाच्या एलेसार या नावाचाही तोच, त्यामुळे ते राजाच्या मानार्थ ठेवले असावे. मुलगी फीरिएल. तिचा उल्लेख वंशावळीत नसून १९६२ मध्ये निघालेल्या ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ टॉम बॉम्बाडिल’ या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत आहे. त्यातील शेवटच्या कवितेत फीरिएल नावाची एक मुलगी पहाटे नदीकाठी येते, एल्फ लोकांचे शेवटचे जहाज तिला सोबत बोलावते, ती एक पाऊल टाकते आणि तिचा पाय चिखलात रुततो. ती मर्त्य असल्याने जाऊ शकत नाही. फीरिएल या शब्दाचा अर्थच मर्त्य स्त्री. प्रस्तावनेत टॉल्किन म्हणतात की हे नाव गोंडोरच्या एका राजकन्येचेही होते आणि एलानोरच्या एका मुलीचेही, पण कवितेशी त्याचा संबंध असलाच तर मुलीचे नाव कवितेवरून आले असले पाहिजे, वेस्टमार्चमध्ये ते आपोआप उद्भवणे शक्य नव्हते. म्हणजे या घरात दुसऱ्या पिढीत एल्फ भाषेतले नाव पुन्हा आले, पण या वेळी बागेतून आले नाही, गाण्यातून आले.